जोर्वे संस्कृतीतील घराखालची दफने आणि आजचा प्रवासी

मृतांच्या संबंधात नाशिकचे नाव निघाले की रामकुंड आठवते. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही लोक आप्तांच्या अस्थी घेऊन येथे येतात. कुंडातील अस्थिविलय तीर्थात पडलेल्या अस्थी पाण्यात विरून जातात अशी श्रद्धा आहे. मृताचे पार्थिव असे काहीही मागे राहू नये, हा या विधीचा आशय होय. परंतु ज्या गोदावरीच्या काठी हा विधी आज चालतो, तिच्या आणि भीमेच्या खोऱ्यांत सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी याच्या अगदी उलट रीत प्रचलित होती. त्या काळचे लोक आपल्या मृतांना राहत्या घराच्या जमिनीखाली पुरून त्यांच्यासह नांदत असत. ही भूमिगत दफने पाहण्याची इच्छा धरणाऱ्या प्रवाशास आज नेमके काय पाहावयास मिळते आणि काय मिळत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१

ऐतिहासिक भूमिगत दफनस्थान म्हटले की सुशिक्षित वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम रोमची भुयारे उभी राहतात. रोमच्या प्राचीन ‘द्वादश पट्टिका’ या कायद्याने नगराच्या हद्दीत प्रेत पुरण्यास अथवा जाळण्यास मनाई केली होती. त्यामुळे समाध्या नगराबाहेर, आपियन मार्गासारख्या राजरस्त्यांच्या कडेने उभारल्या गेल्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून तेथील मऊ ज्वालामुखीय खडकात भुयारे खोदून, त्यांच्या भिंतींतील कोनाड्यांत प्रेते ठेवण्याची प्रथा वाढीस लागली. पुढे ती भुयारे बहुतांशी विस्मृतीत गेली. १५७८ साली त्यांपैकी एक अकस्मात उघडकीस आले, त्यानंतर अंतोनिओ बोझिओ याने आणि एकोणिसाव्या शतकात जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी याने त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. आज सहस्रावधी प्रवासी ती पाहतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे अवश्य आहे. रोमची भुयारे मुळातच केवळ मृतांसाठी निर्माण झाली आणि जिवंतांनी तेथे जाऊन मृतांचे स्मरण करावे हाही त्यांचा एक हेतू होता. आजचा प्रवासी श्रद्धेने जावो अथवा कुतूहलाने, तो त्याच मार्गाने आत शिरतो ज्या मार्गाने शोकाकुल आप्त शिरत. स्थानाचा मूळ अर्थ त्यामुळे सर्वस्वी नष्ट होत नाही.

हीच अपेक्षा मनात धरून कोणी नाशिकास आला, तर त्याची पावले साहजिकच पांडवलेण्यांकडे वळतील. शहराच्या नैर्ऋत्येस, मुंबई-आग्रा मार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात ही चोवीस लेणी खोदलेली आहेत. परंतु ही लेणी मृतांची नव्हेत. नहपानाचा जामात उषवदात आणि गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री यांच्या शिलालेखांनी प्रसिद्ध झालेली ही स्थाने भिक्षूंच्या निवासासाठी दिलेली दाने होत. मृत्यूशी त्यांचा संबंध येतो तो एवढाच, की अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहातील स्तूप हा मूळच्या अस्थिस्मारकाचेच पूज्य रूप आहे. भाजे येथे हा संबंध अधिक स्पष्ट दिसतो. तेथे लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह असून काहींवर दिवंगत स्थविरांची नावे कोरलेली आहेत. तथापि हे सारे खडकावर व उजेडात आहे. महाराष्ट्रातील खरी भूमिगत दफने त्याहून हजार वर्षे जुनी, आणि ती लेण्यांत नसून पांढरीच्या टेकाडांत आहेत.

२

गावाची शेतजमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’, हा भेद मराठी माणसास परिचित आहे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी मातीची घरे बांधली जाऊन, पडून, पुन्हा बांधली गेल्याने राख, शेण व चिखल यांचे थरावर थर साचतात आणि पांढरट मातीचे टेकाड तयार होते. जुन्या नाशिकमधील नदीकाठची मातीची गढी ही असेच एक टेकाड होय. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये येथे, तसेच संगमनेर तालुक्यातील प्रवराकाठच्या जोर्वे या गावी उत्खनन केले आणि त्याचा वृत्तांत १९५५ साली प्रसिद्ध झाला. गढीच्या तळाच्या थरांत ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या खुणा मिळाल्या, तर जोर्वे या छोट्या गावाचे नाव तांबड्या मृत्पात्रांवर काळ्या रंगाने नक्षी काढणाऱ्या, तोटीची भांडी घडवणाऱ्या एका सबंध संस्कृतीस मिळाले. इसवी सनपूर्व सुमारे १४०० ते ७०० हा तिचा काळ मानला जातो.

या संस्कृतीच्या दफनपद्धतीचे सविस्तर चित्र नंतरच्या उत्खननांनी पुरे केले. नेवासे येथील लाडमोड टेकाड, घोडनदीच्या काठचे चांदोली, १९५८ पासून १९७९ पर्यंत तीन टप्प्यांत खणले गेलेले दायमाबाद, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिरूर तालुक्यातील इनामगाव, ही त्यांतील प्रमुख स्थळे होत. इनामगावचे उत्खनन डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली १९६८ पासून १९८३ पर्यंत चालले आणि त्याचा बृहद् वृत्तांत १९८८ मध्ये बाहेर पडला.

या स्थळांवर पुनःपुन्हा आढळलेली रीत अशी. लहान मूल दगावले म्हणजे घराची सारवलेली जमीन फोडून खड्डा घेत. रुंद तोंडाचे दोन कुंभ आडवे ठेवून त्यांची तोंडे परस्परांशी जुळवीत आणि त्या पोकळीत बालकाचा देह ठेवीत. जवळ एखादा वाडगा, एखादे तोटीचे भांडे ठेवीत. मग खड्डा बुजवून वरची जमीन पुन्हा चोपून-सारवून घेत आणि त्याच जमिनीवर चूल पेटे, धान्य निवडले जाई, दुसरी मुले रांगत. प्रौढांचे देह बहुधा उत्तरेकडे डोके करून उताणे निजविलेले आढळतात आणि पुष्कळांचे पाय घोट्याखाली तोडलेले दिसतात. मृताने घर सोडून जाऊ नये अथवा पिशाच होऊन हिंडू नये म्हणून असे करीत असावेत, असे अनुमान अभ्यासकांनी केले आहे. भुताची पावले उलटी असतात या आजच्या लोकसमजुतीशी त्याचा मेळ घालण्याचा मोह होतो. परंतु मधल्या सव्वीस-सत्तावीस शतकांचा दुवा हाती नसताना तसे विधान करणे धाडसाचे ठरेल.

या नियमास इनामगाव येथे एक लक्षणीय अपवाद मिळाला. वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच दालनांच्या मोठ्या घराच्या अंगणात, चार पायांच्या कच्च्या मातीच्या मोठ्या रांजणात, सुमारे चाळीस वर्षांच्या पुरुषाचा देह मांडी घालून बसविलेल्या स्थितीत आढळला. त्याचे पाय तोडलेले नव्हते. घराचा आकार व त्यालगतचे धान्यकोठार लक्षात घेता हा गावाचा प्रमुख असावा, असे मत उत्खननकर्त्यांनी मांडले.

अपवाद प्रसिद्धी पावतो हे स्वाभाविकच आहे. परंतु या संस्कृतीचे मर्म सर्वसामान्य बालदफनांतच अधिक उमगते. नेवासे येथे एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे तिच्या दोऱ्याचे धागे टिकून राहिले आणि त्यांत कापसाबरोबर रेशीमही असल्याचे तपासणीत दिसून आले. चांदोली येथील तशाच माळेचा दोरा जवसाच्या धाग्याचा निघाला. वस्त्रोद्योगाच्या इतिहासात या पुराव्यास मोठे मोल आहे. मात्र ज्या हातांनी ती माळ घातली, त्यांच्या दृष्टीने तो पुरावा नव्हता.

३

रोमच्या आणि जोर्वे संस्कृतीच्या दफनांतील मूलभूत भेद आता स्पष्ट होतो. रोमने मृतांना नगराबाहेर काढले, तर जोर्वे लोकांनी त्यांना घरात ठेवले. घरापासून वेगळे असे दफनस्थानच येथे नव्हते. जमिनीवरचे घर आणि जमिनीखालचा कुंभ ही मिळून एकच वास्तू होती. म्हणून ‘दफनस्थान कोठे आहे’ या प्रवाशाच्या प्रश्नास सरळ उत्तर देता येत नाही.

उत्खननाच्या स्वरूपामुळे ही अडचण आणखी वाढते. खालचा थर पाहावयाचा तर वरचा थर काढावाच लागतो. कुंभ हाती यावा म्हणून जी जमीन खणून काढली, ती पुन्हा घालता येत नाही. नकाशे, रेखाटने व छायाचित्रे तेवढी उरतात. पावसाने कडा ढासळू नयेत म्हणून खणलेले चर सामान्यतः पुन्हा बुजविले जातात. नेवाशास ज्ञानेश्वरांच्या खांबाचे दर्शन घेण्यासाठी जाणाऱ्या बहुसंख्य यात्रेकरूंस लाडमोड टेकाडाची वार्ताही नसते, आणि जो आवर्जून तेथे जाईल त्यालाही दफन म्हणून काही दिसणार नाही.

दिसते ते संग्रहालयात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात या उत्खननांतील सामग्री जतन केलेली आहे. विद्येच्या दृष्टीने हे उपकारकच आहे, कारण पांढरीची माती शेतात खत म्हणून किंवा घरबांधणीसाठी वाहून नेण्याच्या प्रघातामुळे अनेक टेकाडे कोणत्याही नोंदीविना नाहीशी झाली आहेत. तरीही काचेमागे ठेवलेला कुंभ पाहणाऱ्याची समजूत अपुरी राहते. त्याला भांडे दिसते, अस्थी दिसतात, फलकावरील कालनिर्देश दिसतो. दिसत नाही ती जमीन. आणि या दफनाचा सारा अर्थ तर त्या जमिनीत होता. तिच्या वर कोण वावरत होते आणि खाली कोण निजले होते, हे कळल्यावाचून कुंभ हे केवळ एक जुने पात्र उरते.

हा दोष अपरिहार्य नव्हे. तुर्कस्तानातील चाताल-ह्युयुक या नवाश्मयुगीन वसाहतीतही मृतांना घरातील ओट्यांखाली पुरीत असत. तेथे उत्खननाच्या काही भागावर मोठी छपरे उभारून घरांचे अवशेष जागच्या जागी राखले आहेत. भिंत, चूल व ओटा ही एका दृष्टिक्षेपात दिसत असल्याने मृतांचे घराशी असलेले नाते प्रवाशास निराळे सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातील बुजविलेले चर पुन्हा उघडणे उचित नव्हे आणि शक्यही नाही. पण इनामगाव येथे सव्वाशेहून अधिक घरांचे अवशेष नोंदले गेले आहेत. त्यांतील एखाद्या घराचा कुडाच्या भिंती, चूल, कणगी व सारवलेल्या जमिनीसह पूर्ण आकाराचा छेद संग्रहालयात उभा करून, त्या जमिनीखाली कुंभाची प्रतिकृती ठेवणे अवघड नाही. अस्थी मांडण्याची तर आवश्यकताच नाही. एखाद्या घरातील दगावलेल्या मुलाच्या त्या अस्थी आहेत याचा विसर पडून त्या कुतूहलाचा विषय होणे, ही प्रेक्षकाच्या व मृताच्या अशा दोघांच्याही दृष्टीने हानीच होय.

हे भान ठेवणे मराठी प्रेक्षकास कठीण जाऊ नये. दहनाची रूढी असलेल्या समाजांतही अगदी लहान मूल गेल्यास त्याला जाळीत नाहीत, पुरतात. जोर्वे काळापासून ही एकच परंपरा अखंड चालत आली, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु कुंभापुढे उभ्या राहणाऱ्यास त्या कृतीमागील भावना अगदीच परकी वाटणार नाही, एवढे खचित म्हणता येईल.

४

या दृष्टीने नाशिक हे स्थान विचार करण्याजोगे आहे. एका लहानशा परिसरात येथे तीन कालखंड शेजारी उभे आहेत. गढीच्या तळाशी ताम्रपाषाणयुग आहे, त्रिरश्मी डोंगरावर अस्थिस्मारकाचे पूज्य वस्तूत झालेले रूपांतर आहे, आणि रामकुंडात अस्थींचा विलय आहे. मृताचे पार्थिव घरात राखावे, स्तूपरूपाने पूजावे की पाण्यात विरवावे, या प्रश्नाची गोदावरीच्या काठी निरनिराळ्या काळी दिली गेलेली ही तीन उत्तरे होत.

त्यांच्या तुलनेतून आणखी एक बाब लक्षात येते. नाशिकचे तीर्थोपाध्याय आपल्या यजमानांच्या वंशावळी वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवीत आले आहेत. रामकुंडावर अस्थी उरत नाहीत, पण नाव उरते. जोर्वे संस्कृतीच्या लोकांना लिपी अवगत असल्याचा पुरावा नाही. तेथे अस्थी उरल्या, नाव उरले नाही. ते नाव आता कोणत्याही उत्खननाने मिळावयाचे नाही. त्या बालकाचे घर मात्र पुराव्याच्या आधारे पुन्हा उभे करता येण्याजोगे आहे. गढीजवळ एक साधा मराठी फलक आणि घराच्या छेदाचे एक रेखाचित्र लावले, तरी रामकुंडावरून परतणाऱ्या यात्रेकरूस आपण ज्या काठावर उभे आहोत त्या काठाचा पूर्वेतिहास कळण्यास आरंभ होईल.