धुराडें झाडण्याची वाजवी मजुरी

थंड देशांत पूर्वीं घर म्हटलें कीं आगटी असेच. आपल्याकडे चुलीचा धूर कौलांच्या फटींतून वाट काढी आणि गृहिणी डोळे पुसून कामाला लागे. इंग्लंडांत मात्र हिवाळ्याचे चार महिने आगटीवांचून घरांत बसवत नसे. आणि आगटी पेटवावयाची तर धुराडें मोकळें हवें. काजळीनें नळी तुंबली कीं धूर खोलींत उलटतो. त्याहून वाईट म्हणजे ती काजळीच एखादे दिवशीं पेट घेते आणि छपरासकट घर जातें. म्हणून वर्षांतून दोनचार वेळां माणूस बोलावून धुराडीं झाडून घेणें हा तेथील गृहस्थाचा ठरलेला खर्च असे. ह्या कामाची वाजवी मजुरी किती? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु त्याचा निकाल लावण्यास इंग्लंडच्या पार्लमेंटला १७८८ पासून १८७५ पर्यंत, म्हणजे सत्त्याऐंशी वर्षें लागलीं.

जळाऊ लांकूड महागलें तसा लंडन शहरांत दगडी कोळसा घरोघर जळूं लागला. १६६६ मध्यें लंडनला मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग भस्म झाला. त्यानंतर घरें विटांचीं झालीं, मजले चढले, खोलीखोलींत आगटी आली. कोळशाला ओढ नीट मिळावी म्हणून नळ्या अरुंद ठेवीत, आणि अनेक आगट्यांच्या नळ्या वळवून वळवून एकाच धुराड्यांत नेत. त्यांतल्या कांहीं नळ्या जेमतेम नऊ इंच लांबीरुंदीच्या होत्या. सरकारची नजरही आगटीवर होतीच. १६६२ पासून दर आगटीमागें सालीना दोन शिलिंग कर बसला होता. तो १६८९ मध्यें उठला. हा कर चुकविण्यासाठीं ऑक्सफर्डशायरमधील चर्चिल गांवीं एका भटारणीनें शेजारच्या धुराड्यांत भिंतींतून भोंक पाडून आपला धूर सोडला. १६८४ सालीं तेथें आग लागून सुमारें वीस घरें जळालीं व चार माणसें मेलीं. दोन शिलिंगांची ही बचत गांवाला फार महाग पडली.

कारागिरांच्या मजुरीविषयीं इंग्लंडचा कायदा तोंवर मुका होता असें मात्र नाहीं. १५६३ च्या कायद्यानें मजुरीचे दर ठरविण्याचें काम जिल्ह्याजिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटांकडे दिलें होतें. लंडनच्या आगीनंतर १६६७ मध्यें झालेल्या कायद्यानें तर विटा-चुन्याचे भाव व गवंडी-सुतारांची मजुरी बेसुमार चढल्यास ती ठरवून देण्याचा अधिकार न्यायाधीशांना दिला. परंतु ह्या सर्व कायद्यांचा रोख एकाच बाजूस होता. कारागिरानें जास्त घेऊं नये, एवढीच काळजी. कमी देण्यांत कोणाचें काय जातें, हें पाहण्याची गरज कोणासही वाटली नाहीं. पुढें १८१३ मध्यें मजुरी ठरविण्याचीं हीं जुनीं कलमें रद्द झालीं, आणि घेणारा व देणारा ह्या दोघांच्या घासाघिशींतून निघेल तोच वाजवी दर, असें ठरलें. धुराड्यांच्या कामांत ह्या दोघांखेरीज एक तिसराही होता.

तो तिसरा म्हणजे झाडणाऱ्या उस्तादाचा उमेदवार. नऊ इंचांच्या नळींत मोठा माणूस शिरत नाहीं. म्हणून सहासात वर्षांचें, कधीं त्याहूनही लहान पोर खालून वर चढवीत. गुडघे आणि कोंपरें भिंतीला रेटीत, डोक्यावर ब्रश धरून, तें अंधारांत काजळी खरवडीत जाई. कोंपरांची साल निघे. ती निबर व्हावी म्हणून आगीजवळ उभें करून त्यांवर मिठाचें कडक पाणी चोळीत, आणि पोर कळवळलें तर एखाद्या हाफपेनीचें आमिष दाखवीत. ज्या पोत्यांत काजळी भरावयाची त्याच पोत्यांवर रात्रीं निजावयाचें. कांहीं जण वळणावर अडकून गुदमरून मरत. १७७५ मध्यें पर्सिव्हल पॉट ह्या लंडनच्या शस्त्रवैद्यानें दाखवून दिलें कीं, धुराडीं झाडणाऱ्यांना अंडकोशाचा जो कर्करोग होतो त्याचें मूळ अंगांत मुरलेल्या काजळींत आहे. धंद्यामुळें कर्करोग होतो हें वैद्यकांत प्रथम नोंदलें गेलें तें ह्याच धंद्यावरून.

आतां हिशेब पाहावा. घरमालक एका धुराड्यास मजला, उंची आणि मोहल्ला पाहून कांहीं पेन्सांपासून सुमारें एक शिलिंगापर्यंत देई. उस्तादाचें दुसरें उत्पन्न म्हणजे काजळी. ती शेतकरी खत म्हणून विकत घेत. खर्चाच्या बाजूस ब्रश, पोतीं आणि पोराचें अन्न. पोराला पगार नाहीं. उलट, निराधार मूल उमेदवार म्हणून सोंपवितांना पॅरिशचे, म्हणजे गांवच्या धर्मादाय कारभाराचे, पंच उस्तादालाच कांहीं पौंड देत. एक तोंड कमी झाल्याचें त्यांनाही समाधान. दरिद्री आईबापांकडून मात्र उस्ताद पैसे मोजून पोर घेई, आणि चण जितकी बारीक तितका भाव अधिक. त्यांतच कित्येक फिरते झाडणारे दारोदार ठोठावून निम्म्या दरांत काम उरकून देत, म्हणून बऱ्यांनाही दर उतरवावा लागे. आपल्या गांवगाड्यांत सुतार-लोहार पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा असे. सुगी झाली कीं त्याचें बलुतें त्याच्या घरीं पोंचे. लंडनच्या दारीं उभा राहणारा हा मनुष्य मात्र अनोळखी असे, आणि अनोळखी माणसाशीं घासाघीस करतांना भीड कसली? मालकाला स्वस्त पडे, उस्तादाला परवडे. दोघेही दर वाजवी आहे असें प्रामाणिकपणें म्हणत, आणि दोघांच्या दृष्टीनें तो होताही.

जोनास हॅनवे नांवाच्या व्यापाऱ्यानें ह्या पोरांची बाजू प्रथम उचलली. लंडनच्या रस्त्यांत पुरुषानें छत्री घेऊन हिंडण्याची चाल पाडणारा तो हाच. त्यापायीं त्याची पुष्कळ टवाळी झाली होती, तेव्हां लोकांच्या हंसण्याची त्याला संवय होती. त्याचें ह्या विषयावरचें पुस्तक १७८५ मध्यें निघालें, पुढल्या वर्षीं तो वारला, आणि १७८८ मध्यें पहिला कायदा झाला. आठ वर्षांखालील उमेदवार ठेवूं नये, एका उस्तादापाशीं सहांहून अधिक नसावेत. उस्तादानें परवाना घ्यावा असेंही कलम मसुद्यांत होतें. तें लॉर्डस्‌ सभेनें काढून टाकलें, आणि देखरेख कोणी करावी हें ठरलेंच नाहीं.

१८०३ मध्यें पोरें चढविण्याची गरजच उरूं नये म्हणून लंडनमध्यें एक संस्था निघाली व तिनें यंत्रासाठीं बक्षिसें लाविलीं. जॉर्ज स्मार्ट ह्यानें पोकळ नळ्या दोरीनें जोडून टोंकाला ब्रश बसविला. पुढें १८२८ मध्यें ब्रिस्टॉलच्या जोसेफ ग्लासनें वेताच्या कांड्यांचें साधें यंत्र काढलें. म्हणजे उपाय हातीं होता. मग अडलें कोठें? गृहिणी म्हणत, यंत्रानें गालिचावर काजळी सांडते. उस्ताद म्हणत, यंत्र वळणांत जात नाहीं. तें कांहीं धुराड्यांपुरतें खरें होतें. पण अशा नळीला वळणापाशीं एक लहानसें लोखंडी दार बसविलें कीं काम भागे. हें दार बसवावयाचें घरमालकानें, स्वतःच्या पैशानें, आणि जितकीं मोठीं वाडेघरें तितकीं वळणें अधिक. त्या वाड्यांचे मालक पार्लमेंटांत बसत. १८१७ मध्यें कॉमन्स सभेच्या कमिटीनें साक्षी घेऊन ही चाल बंद करावी असें सांगितलें. १८१९ मध्यें बिल लॉर्डस्‌ सभेपुढें आलें. तेथें लॉर्ड लॉडरडेलनें आयर्लंडांतील हंसाची गोष्ट सांगितली: तेथें म्हणे हंसाच्या मानेला दोर बांधून त्याला धुराड्यांतून ओढतात, म्हणजे पंखांनीं काजळी झडते. सभा हंसली आणि बिल पडलें.

नंतरचे कायदे लागोपाठ झाले. १८३४ मध्यें उमेदवाराचें वय दहा वर्षें ठरलें. नवी नळी निदान चौदा इंच बाय नऊ इंच असावी आणि वळणें सौम्य असावीं असाही नियम झाला. १८४० च्या कायद्यानें तर एकवीस वर्षांखालील कोणासही धुराड्यांत चढविण्याची मनाई केली. लंडनमध्यें त्याचा परिणाम दिसला. हेन्री मेह्यू ह्यानें १८५० च्या सुमारास तेथील कष्टकऱ्यांची पाहणी केली, तेव्हां ब्रशवाल्यांचाच धंदा चालला होता, आणि यंत्र आलें म्हणून दर भडकले असेंही कांहीं झालें नव्हतें. बाहेरगांवीं मात्र स्थिति निराळी. जो उस्ताद कायदा पाळून यंत्र आणी त्याला गिऱ्हाईक सांगे, "पोर आणा, नाहीं तर दुसरा पाहतों." गुन्हा चार भिंतींच्या आंत घडे, फिर्याद कोणी करीत नसे, आणि झालीच तर ऐकावयास बसलेल्या मॅजिस्ट्रेटच्या स्वतःच्या घरचीं धुराडीं कोण झाडीत असे तें सांगावयास नको. १८६३ मध्यें सरकारी कमिशनला आढळलें कीं, कित्येक ठिकाणीं पोरांची संख्या पुन्हां वाढली आहे. १८६४ मध्यें सक्तमजुरीची शिक्षा सांगणारा आणखी एक कायदा झाला. तोही कागदावर राहिला.

१८७५ च्या फेब्रुवारींत केंब्रिजजवळील फुलबर्न येथील वेड्यांच्या रुग्णालयाचें धुराडें झाडण्यास जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा अकराबारा वर्षांचा मुलगा वर चढविला गेला. तो अडकला. भिंत फोडून त्याला बाहेर काढलें, परंतु थोड्याच वेळांत तो मेला. उस्तादाला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. लॉर्ड शाफ्ट्सबरी तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि पस्तीस वर्षें ह्याच प्रश्नाशीं झगडत आले होते. त्यांनीं त्याच वर्षीं नवें बिल आणलें व तें मंजूर झालें. प्रत्येक झाडणाऱ्यानें दरसाल अडीच शिलिंग भरून पोलिसांकडून परवाना घ्यावा, कायदा मोडला तर तो जावा, आणि पाहणीचें काम पोलिसांचें. हॅनवेच्या वेळीं वगळलेलेंच हें कलम होतें. अडीच शिलिंग म्हणजे चांगल्या घरच्या दोनतीन धुराड्यांची मजुरी. तो भार कोणीं उस्तादानें सोसला, कोणीं गिऱ्हाइकांवर पेन्सापेन्सानें बसविला. पण पोर चढविण्यांत आतां धंदाच बुडण्याचें भय होतें, आणि जुन्या वाड्यांच्या नळ्यांना तीं लोखंडी दारें बसूं लागलीं.

धुराड्यांसंबंधींचे हे कायदे १९३८ मध्यें पार्लमेंटनें रद्द केले, कारण तोंपर्यंत त्यांची जरुरी उरली नव्हती.