‘देवळा’ या नावात किती इंग्रजी शब्द दडलेत? दिलेल्या अक्षरांवरून शब्द शोधण्याची सोपी पद्धत

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्याचं नाव मराठीत तीन अक्षरांचं आहे: दे, व, ळा. इंग्रजीत मात्र ते पाच अक्षरांचं होतं. सरकारी नोंदींमध्ये हे नाव डी-ई-ओ-एल-ए असं लिहिलं जातं. हीच पाच अक्षरं उलटसुलट केली की लोड, लीड, डील, ओल्ड असे रोजच्या वापरातले शब्द तयार होतात.

अक्षरांवरून शब्द शोधणं हा स्क्रॅबल आणि वर्डलसारख्या खेळांचा पाया आहे. शाळेत इंग्रजीचा सराव घेतानाही मोठ्या शब्दातून छोटे शब्द काढायला सांगतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवलं जातं. तरीही मराठी माध्यमातली अनेक मुलं इथे अडखळतात. असं का होतं?

कान फसवतो, डोळा सापडवतो

मराठीत जसं ऐकू येतं, बहुतेक तसंच लिहिलं जातं. इंग्रजीत तसं नाही. ‘लोड’ या शब्दाचं स्पेलिंग एल-ओ-ए-डी आहे, पण त्यातला ‘ए’ ऐकूच येत नाही. एल-ई-ए-डी हे ‘लीड’ म्हणजे नेतृत्व करणं, आणि ‘लेड’ म्हणजे शिसंही. त्यामुळे उच्चार मनात धरून शोधलं तर हे शब्द निसटतात. इथे अक्षरं डोळ्यांनी पाहावी लागतात.

कागदावर शब्द कसे शोधायचे?

१. अक्षरं गोलात लिहा. सरळ ओळीत लिहिली की मूळ शब्दच डोळ्यांसमोर राहतो.

२. स्वर आणि व्यंजनं वेगळी करा. आपल्याकडे ई, ओ, ए हे तीन स्वर आहेत आणि डी, एल ही दोन व्यंजनं.

३. नेहमी सोबत येणाऱ्या जोड्या पाहा. ओ-ए ही जोडी घेतली की ‘लोड’ मिळतो, ई-ए घेतली की ‘डील’ आणि ‘लीड’. शेवटी एल-डी ठेवलं की ‘ओल्ड’.

४. अक्षरं मोजा. दिलेलं अक्षर जितक्या वेळा आहे, तितक्याच वेळा वापरता येतं. ‘डॉल’ला दोन ‘एल’ लागतात, म्हणून तो शब्द इथे चालत नाही. इथे चूक होऊ शकते.

या पाच अक्षरांतून मिळणारे आणखी काही शब्द: लॅड (मुलगा), ओड (एक काव्यप्रकार), डो (हरिणी), डेल (दरी) आणि ॲलो (कोरफड).

मोबाइल क्षणात उत्तर कसं देतो?

पाच अक्षरांतून एक ते पाच अक्षरी अशा एकूण ३२५ रचना होतात. प्रत्येक रचना शब्दकोशात तपासत बसणं वेळखाऊ आहे. म्हणून संगणक एक युक्ती वापरू शकतो: शब्दकोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं तो आधीच वर्णक्रमाने लावून ठेवतो. ‘डील’, ‘लीड’ आणि ‘डेल’ या तिन्ही शब्दांची अक्षरं क्रमाने लावली की ए-डी-ई-एल हेच येतं. म्हणजे तिघांचा पत्ता एकच! मग ३२५ रचनांऐवजी अक्षरांचे फक्त ३१ गट तपासले की काम होतं.

शोध कोणता हवा, ते आधी ठरवा

शब्द शोधून देणाऱ्या साइटवर चुकीचा पर्याय निवडला की भलतीच यादी येते. शोधाचे मुख्य प्रकार तीन आहेत.

• फक्त दिलेली अक्षरं: बाहेरचं एकही अक्षर चालत नाही. वर पाहिलेले सगळे शब्द याच प्रकारातले.

• दिलेली अक्षरं असलेले मोठे शब्द: सोबत इतर अक्षरंही चालतात. डी-ई-ओ-एल-ए ही पाचही अक्षरं ‘लेपर्ड’मध्ये, म्हणजे नाशिककरांच्या चांगल्याच ओळखीच्या बिबट्यामध्ये आहेत. त्याचं स्पेलिंग एल-ई-ओ-पी-ए-आर-डी. यातला ‘ओ’ उच्चारात कुठेच नाही, त्यामुळे हा शब्द पटकन सुचत नाही.

• जागा ठरलेली अक्षरं: शब्दकोड्यात आणि वर्डलमध्ये हा शोध लागतो. वनलूकसारख्या साइटवर माहीत नसलेल्या प्रत्येक अक्षरासाठी प्रश्नचिन्ह टाकतात. एल-?-?-डी असं लिहिलं की लोड, लीड, लॉर्ड, लँड, लाउड असे शब्द समोर येतात.

एक अक्षर बदललं तर?

देवळ्याचं स्पेलिंग काही जण डी-ई-व्ही-एल-ए असंही करतात. उच्चाराला ते जवळचं आहे. पण ‘ओ’ गेला की लोड, ओल्ड, ॲलो हे शब्दही जातात, आणि ‘व्ही’ आल्यामुळे ‘व्हेल’ हा दरीसाठीचा दुसरा शब्द मिळतो. डील आणि लीड मात्र दोन्हींत टिकतात.

हा फरक खेळापुरता नाही. ऑनलाइन अर्जात किंवा नकाशावर गावाचं नाव टाइप केलं आणि ते सापडलं नाही, तर दुसरं स्पेलिंग टाकून पाहावं. एका अक्षरामुळे संगणकाला ते वेगळंच गाव वाटू शकतं.

यादीतला प्रत्येक शब्द खरा मानावा का?

प्रत्येक साइटची शब्दयादी वेगळी असते. खेळात चालणारा एखादा दुर्मीळ शब्द शाळेच्या शब्दकोशात नसेलही. म्हणून अर्थ पाहूनच शब्द वहीत उतरवावा. अर्थ कळला तर तो लक्षात राहतो, नुसती यादी राहत नाही.

आता तुम्ही करून पाहा

‘लेपर्ड’ची सात अक्षरं गोलात लिहा. रोड, रीड, पर्ल, ऑपेरा हे शब्द लवकर सापडतील. सातही अक्षरं वापरून आणखी एक शब्द होतो: ‘परोल्ड’, म्हणजे पॅरोलवर सुटलेला. त्याचं स्पेलिंग पी-ए-आर-ओ-एल-ई-डी.