सकाळी नऊ ते दुपारी एक

बांगलादेशाच्या सखल भागात घर बांधायचे तर आधी जोते उंच करावे लागते, नाहीतर पुराचे पाणी आत येते. जोत्यासाठी माती शेजारीच खणतात आणि त्या खड्ड्याचे तळे होते. त्याला तिथे ‘पुकुर’ म्हणतात. भांडी, धुणे, अंघोळ, मासळी, सगळे तिथेच. नुकते चालायला लागलेले मूल उंबरठा ओलांडून चार पावले गेले, की पुढे पाणीच.

या पाण्यात किती मुले जातात याचा पत्ता देशाला फार उशिरा लागला. बुडालेले मूल दवाखान्यात पोचतच नाही. ते तळ्यातून काढतात आणि गावातच पुरतात. दवाखान्याच्या नोंदवहीत त्याचे नाव येणार कुठून? 2003 मध्ये माता-बाल आरोग्य संस्था, आरोग्य खाते, युनिसेफ आणि टास्क ही संस्था यांनी मिळून देशव्यापी पाहणी केली. पाहणीचे कार्यकर्ते घरोघर गेले, आठ लाखांहून अधिक माणसांची माहिती त्यांनी गोळा केली. वर्षाला सुमारे 17,000 मुले बुडून मरतात, म्हणजे दिवसाला 46 च्या आसपास, हे त्यातून कळले. एक ते सतरा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पाणी ठरले. हगवणीवर, गोवरावर वर्षानुवर्षे झटलेल्या देशाला हा धक्काच होता.

या पाहणीच्या पाठोपाठ, 2005 मध्ये, ‘सेंटर फॉर इंज्युरी प्रिव्हेन्शन अँड रिसर्च, बांगलादेश’, म्हणजे सीआयपीआरबी, ही संस्था उभी राहिली. डॉ. फझलुर रहमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रायगंज, शेरपूर, मनोहरदी या भागांत काम सुरू केले. लहान मुले बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळात बुडतात, हे त्यांना माहितीतून दिसत होते. बाप शेतावर, मोठी भावंडे शाळेत आणि आई चुलीपाशी. आईचे लक्ष नव्हते, असे म्हणणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. चुलीवर भात, कडेवर तान्हे आणि गोठ्यात गाय असताना एका बाईने आणखी किती ठिकाणी बघायचे?

यावर निघालेले उत्तर म्हणजे ‘आंचल’. गावातलीच एक बाई आपल्या घरातली खोली देते आणि वीस-पंचवीस मुले सांभाळते; जोडीला एक मदतनीस. आठवड्याचे सहा दिवस, सकाळी नऊ ते दुपारी एक. तिला सगळे ‘आंचल मा’ म्हणतात. गाणी, चित्रे, हात धुणे हे चालते. आपल्या अंगणवाडीची आठवण यावी असेच. पण तिचे खरे काम राखणीचे. दाराला फळी किंवा जाळी, आत मुले आणि तिची नजर. हे काम दिसत नाही, म्हणून त्याला काम म्हणायला आपण तयार नसतो. मला तर या साऱ्या वाटचालीतला सर्वांत मोठा टप्पा हाच वाटतो, की मुलांवर नजर ठेवणे हे प्रशिक्षण देऊन, मानधन देऊन करायचे काम मानले गेले.

थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘स्विमसेफ’. तळ्यातच बांबूचा चौक बांधून त्यात गावातल्याच तरुण प्रशिक्षकांनी पोहायला शिकवायचे. पंचवीस मीटर पोहणे आणि तीस सेकंद तरंगणे जमले पाहिजे. कुणी बुडत असेल तर उडी न मारता काठावरूनच बांबू पुढे करायचा, हेही पक्के करून घेतात. मुलींना पाण्यात पाठवायला घरचे कचरत. शिकवणारी गावातलीच मुलगी असली की तयार होत. बुडालेल्या मुलाला डोक्यावर धरून गरगर फिरवण्याची जुनी रीत होती. ती मोडून छाती दाबून श्वास कसा द्यायचा, हे गावातल्या तरुणांना शिकवावे लागले.

2012 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात हिशेब प्रसिद्ध झाला. आंचलमधल्या मुलांचा बुडून मरण्याचा धोका सुमारे 80 टक्क्यांनी, तर पोहायला शिकलेल्यांचा 90 टक्क्यांहून अधिक घटला होता. त्यानंतर ब्लूमबर्ग फिलान्थ्रॉपीजच्या पैशावर आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सोबतीने काम हजारो आंचलांपर्यंत वाढले. एप्रिल 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बुडण्याच्या प्रश्नावर पहिला ठराव केला. तो मांडण्यात आयर्लंडच्या बरोबरीने बांगलादेशाचा पुढाकार होता.

2022 मध्ये सरकारने स्वतःची योजना मंजूर केली: शिशु अकादमीमार्फत 16 जिल्ह्यांत 8,000 केंद्रे, एक ते पाच वर्षांची दोन लाख मुले, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारचा. प्रत्येक केंद्रात दोघीजणी धरल्या तर 16,000 बायकांना हे काम मिळते. तरीही ही योजना ठरावीक मुदतीचा प्रकल्प आहे. पुराचे पाणी दरवर्षी येणार, तळी आहेत तिथेच राहणार, आणि दरवर्षी नवी मुले चालायला लागणार. आंचल माचे मानधन प्रकल्पाच्या मुदतीतून सुटून सरकारच्या दरसालच्या अंदाजपत्रकात, शिक्षकाच्या पगारासारखे, यायला हवे.