नळीवरची पकड

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार

रात्री ९ च्या सुमारास
मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार नगरला रबरी होडीतून दहा तरुण दहशतवादी येतात. पाठीवर जड सॅक. वस्तीतली माणसं हटकतात, तर त्यांना उडवून लावतात. जोड्या पडतात, टॅक्स्या धरल्या जातात.

९:५०
सीएसटी. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट बघत बसलेली माणसं, बोचकी, पेंगुळलेली पोरं. त्या दहांतले दोघे, कसाब आणि इस्माईल, त्यांच्यावर सरळ गोळ्या झाडत सुटतात. उद्घोषक विष्णू झेंडे माइकवरून सांगत राहतात : बाहेर पडा. पन्नासहून अधिक माणसं गेली. एके-४७ समोर रेल्वे पोलिसांच्या हाती जुन्या रायफली आणि लाठ्या होत्या, हे लिहिताना आजही संताप होतो.

मध्यरात्रीच्या आसपास
सीएसटीहून कामा हॉस्पिटलमध्ये शिरून पुन्हा बाहेर पडलेले हे दोघे रंगभवनच्या गल्लीत झाडीआड दबून बसतात. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांची क्वालिस तिथे येते. एका गाडीत तीन मोठे पोलीस अधिकारी गमावले. मृतदेह रस्त्यावर ओढून दोघे गाडी पळवतात. मागच्या बाजूला शिपाई अरुण जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली जखमी पडलेले. हात उचलत नाही, म्हणून बंदूक चालवता येत नाही. मेट्रो सिनेमापाशी गर्दीवर गोळीबार. पुढे टायर बसतो. चंदेरी स्कोडा हिसकावली जाते. दोघे गेल्यावर जाधव वायरलेसवर खबर देतात.

१२:३० च्या सुमारास
गिरगाव चौपाटी, आयडियल कॅफेजवळची नाकाबंदी. डी. बी. मार्ग ठाण्याची माणसं. त्यांत सहायक फौजदार तुकाराम ओंबळे : साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे, लष्करातून नाईक म्हणून निवृत्त होऊन १९९१ मध्ये मुंबई पोलिसांत आलेले. हातात लाठी.

स्कोडा येते. बॅरिकेड पाहून थबकते. इस्माईल हेडलाइट डोळ्यांवर मारतो, काचेवर पाण्याचे फवारे सोडून वायपर चालू करतो. आत कोण आहे ते दिसू नये म्हणून. गाडी वळवायला जातो आणि दुभाजकावर अडकतो. हेमंत बावधनकर आणि भास्कर कदम यांच्या गोळ्या त्याला लागतात.

डाव्या दाराने कसाब बाहेर येतो. शरण आल्यासारखा. मग बंदूक वर उचलतो.

ओंबळे झेपावतात. दोन्ही हातांनी एके-४७ ची नळी पकडतात आणि स्वतःच्या पोटाकडे ओढून धरतात. घोडा दाबला जातो. एकामागून एक गोळ्या त्यांच्याच अंगात शिरतात. मी हा क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे आणतो तेव्हा तापलेल्या नळीवरची ती बोटंच दिसतात. बोटं सुटत नाहीत, म्हणून नळी मागच्या माणसांकडे वळत नाही. तेवढ्या अवधीत मागचे धावून येतात, लाठ्या पडतात, कसाब जमिनीवर लोळतो.

जिवंत. दहांपैकी एकटा जिवंत हाती लागलेला. त्याला नायर हॉस्पिटलला नेतात. हल्ल्याचा कट कुठे शिजला हे जगाला त्याच्याच तोंडून कळलं. खटला चालला, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी झाली.

२६ जानेवारी २००९ ला ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

त्या नाकाबंदीवर गोळी संजय गोविलकर यांनाही लागली होती. ते वाचले. ओंबळे सोडून तिथले सगळे पोलीस वाचले.