'ईगो' म्हणजे गर्व नव्हे : फ्रॉइड यांची व्यक्तिमत्त्वाची कल्पना

घरात किंवा मंडळात मतभेद झाले की आपण सहज म्हणतो, "त्यांचा ईगो आडवा आला." हा शब्द आपल्याकडे गर्व या अर्थाने रुळला आहे. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांच्या लेखी मात्र ईगो म्हणजे भांडण लावणारा नव्हे, तर मिटवणारा.

व्हिएन्नाच्या या डॉक्टरांनी १९२३ साली मनाचे तीन भाग मांडले. त्यांची मूळ जर्मन नावे साधी होती : 'ते', 'मी' आणि 'वरचा मी'. इंग्रजीत त्यांचे इड, ईगो आणि सुपरईगो झाले. मराठीत आपण इदम्, अहम् आणि पराहम् म्हणतो.

इदम् : जन्मजात प्रेरणांचा साठा. भूक, कामेच्छा, आक्रमकता यांचे हे घर. त्याला सर्व काही आत्ताच हवे असते.

पराहम् : आईवडिलांचे नियम मुलाच्या मनात उतरून हा भाग घडतो. चूक झाली की आतून टोचतो तो हाच. तो फार कडक झाला तर माणूस विनाकारण स्वतःला दोष देत राहतो.

अहम् : वास्तव ओळखून मार्ग काढणारा. फ्रॉइड यांनी त्याला घोडेस्वाराची उपमा दिली. बळ घोड्याचे, लगाम स्वाराच्या हाती.

मधुमेह असलेल्या माणसापुढे श्रीखंड आले, तर इदम् म्हणते, "वाटीभर वाढा." पराहम् दटावते, "इच्छा तरी कशी झाली?" अहम् म्हणते, "आज चमचाभर चाखू, पोळी एक कमी खाऊ."

हा ताण असह्य झाला की अहम् नकळत बचाव करते. नकोशी आठवण अबोध मनात ढकलणे म्हणजे दमन. आपल्या मनातला राग दुसऱ्याच्या मनात पाहणे म्हणजे प्रक्षेपण. वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणजे विस्थापन. फ्रॉइड यांच्या कन्या ॲना यांनी १९३६ साली या बचावांची पद्धतशीर मांडणी केली.

हा सिद्धांत सर्वमान्य नाही. तो प्रयोगाने खोटा ठरवता येत नाही, म्हणून विज्ञान नव्हे, असा आक्षेप तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी घेतला. तरीही एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. मुलांना आपण फक्त धाक घातला तर पराहम् वाढते. कारण सांगून निवड करू दिली तर अहम् बळकट होते. आणि या अर्थाने, वाद झाल्यावर जो आधी शांतपणे बोलायला येतो, त्याचाच ईगो खरा मोठा.