पापणीच्या तैलग्रंथींचा कर्करोग

पापणीच्या तैलग्रंथींचा कर्करोग (सेबेशियस कार्सिनोमा) हा पापणीतील मायबोमियन किंवा झाइस ग्रंथींपासून उद्भवणारा दुर्मीळ, परंतु आक्रमक कर्करोग आहे. पाश्चात्त्य देशांत पापणीच्या कर्करोगांत बेसल सेल कार्सिनोमाचे प्रमाण सर्वाधिक असते. भारतात मात्र तैलग्रंथींच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने बरेच जास्त आढळते.

लक्षणे

हा रोग बहुधा उतारवयात होतो. मायबोमियन ग्रंथींची संख्या वरच्या पापणीत अधिक असल्याने तेथे तो जास्त आढळतो. पिवळसर, टणक व वेदनारहित गाठ, पापणीची कड जाड होणे आणि पापणीचे केस गळणे ही प्रमुख लक्षणे होत. रांजणवाडी किंवा जुनाट पापणीदाह समजून अनेक महिने उपचार होत राहिल्याने निदानास विलंब होतो.

निदान

एकाच जागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाठीची, तसेच एकाच डोळ्याच्या न बऱ्या होणाऱ्या दाहाची बायॉप्सी आवश्यक असते. नेहमीच्या प्रक्रियेत अल्कोहोलसारख्या द्रावकांमुळे पेशींतील मेद विरघळतो. म्हणून शंका असल्यास विकृतिशास्त्रज्ञास आधी कळवतात. कर्कपेशी नेत्रश्लेष्मलेत विखुरलेल्या असू शकतात, त्यामुळे तेथील अनेक जागांचे नमुने घेतले जातात. कान व जबड्याजवळील लसीका ग्रंथीही तपासतात. क्वचित हा रोग म्यूर-टॉरे या आनुवंशिक विकाराशी निगडित असतो.

उपचार

भोवतालच्या निरोगी ऊतीसह गाठ काढणे हा मुख्य उपचार आहे. कडा रोगमुक्त असल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून पापणीची पुनर्रचना करतात. नेत्रश्लेष्मलेतील प्रसारासाठी शीतोपचार किंवा मायटोमायसिन-सी औषधाचे थेंब वापरतात. रोग नेत्रकोटरात पसरल्यास डोळ्यासह कोटरातील ऊती काढाव्या लागू शकतात. शस्त्रक्रिया शक्य नसल्यास किरणोपचार देतात. रोग पुन्हा उद्भवू शकत असल्याने अनेक वर्षे नियमित तपासणी आवश्यक असते.

हिंगोली जिल्ह्यातील स्थिती

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली येथे जिल्हा रुग्णालय आहे. २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. शेजारच्या नांदेड येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून, छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. विशेष उपचारांसाठी दूरच्या शहरी जावे लागत असल्याने स्थानिक पातळीवरच संशयित गाठ ओळखून रुग्णास वेळीच पुढे पाठवणे महत्त्वाचे ठरते. काढलेली प्रत्येक संशयास्पद गाठ तपासणीसाठी पाठवल्यास डोळा व प्राण दोन्ही वाचण्याची शक्यता वाढते.