अश्ववाहक ट्रेलर

अश्ववाहक ट्रेलर म्हणजे घोड्यांची ने-आण करण्यासाठी बांधलेले, स्वतःचे इंजिन नसलेले आणि दुसऱ्या वाहनामागे जोडून ओढले जाणारे वाहन होय. युरोप व अमेरिकेत ते सर्वत्र आढळते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथील शर्यतींच्या घोड्यांसाठी खास बंदिस्त वाहने वापरली जातात. ग्रामीण भागात मात्र घोडा बहुधा पिकअप किंवा ट्रकच्या हौद्यातूनच नेला जातो. त्यामुळे बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ट्रेलर निवडताना त्याची तुलना प्रथम पिकअपशी करावी लागते.

बुलढाणा जिल्ह्यातील गरज

जिल्ह्यात लग्नाच्या वरातीसाठी व हौसेखातर घोडे पाळले जातात. खरेदी-विक्रीसाठी दूरच्या यात्रा गाठाव्या लागतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी असलेल्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीपासून भरणारा घोडेबाजार राज्यात सर्वाधिक प्रसिद्ध आहे. मेहकर-लोणार भागातील लोकांना नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्राही सोयीची पडते. (शेगावच्या गजानन महाराज पालखीतील अश्व मात्र पंढरपूरपर्यंत वारीबरोबर चालतच जातात.)

बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. तेथून सारंगखेड्याला जाण्यासाठी राजूर घाट उतरून मोताळामार्गे मलकापूर गाठावे लागते व पुढे राष्ट्रीय महामार्ग ५३ ने जळगाव-धुळ्याकडे वळावे लागते. भरलेला ट्रेलर घाट उतरताना ओढणाऱ्या गाडीला मागून ढकलत असतो. म्हणून या भागातील ग्राहकाच्या दृष्टीने ट्रेलरच्या रंगरूपापेक्षा त्याचे ब्रेक अधिक महत्त्वाचे ठरतात.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील 'मोटार वाहन' या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. त्यामुळे ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी आवश्यक असते. बुलढाणा जिल्ह्यात नोंदवलेल्या वाहनांचा क्रमांक एमएच-२८ ने सुरू होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-ई या नियमानुसार जनावरे वाहणाऱ्या वाहनात प्रत्येक जनावरासाठी कायमस्वरूपी वेगळा कप्पा असावा लागतो. घोड्यासाठी या कप्प्याचे किमान क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २४ चौरस फूट ठरवलेले आहे. लहान पिकअपचा ८ फूट लांब व साडेपाच फूट रुंद हौदा ४४ चौरस फुटांचा भरतो. त्यात दोन घोडे सहज उभे राहत असले तरी नियमाने एकच बसतो. शिवाय जनावरांसाठी परवाना दिलेल्या वाहनातून अन्य माल नेता येत नाही. आज घोडा आणि उद्या सोयाबीन हा ग्रामीण व्यवहार या तरतुदीत बसत नाही. स्वतंत्र ट्रेलरचा विचार करण्याचे हे सर्वांत सबळ कारण आहे.

जनावरांच्या वाहतुकीसंबंधीचे १९७८ चे नियम याहून जुने असून ते घोड्यांच्या बारीकसारीक गरजांची दखल घेतात. तळ न घसरणारा असावा, बाजूंना गादी असावी आणि दोन घोड्यांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचा बांबू असावा, असे ते सांगतात. घोड्यांची तोंडे डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून दूर असावीत, असाही नियम आहे. एका वाहनात चार ते सहापेक्षा अधिक घोडे नेता येत नाहीत. वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे. या वेगाने बुलढाण्याहून सारंगखेड्याला जाण्यास विश्रांती धरून अख्खा दिवस लागतो. प्रवासापूर्वी पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. घोड्यांपासून माणसांनाही होऊ शकणाऱ्या ग्लँडर्स या रोगामुळे यात्रेच्या काळात या प्रमाणपत्राला विशेष महत्त्व येते.

निवड

प्रथम वजनाचा हिशेब करावा लागतो. मारवाडी किंवा काठियावाडी घोडा साधारण साडेतीनशे ते साडेचारशे किलोग्रॅमचा असतो. दोन घोड्यांचा रिकामा ट्रेलर सुमारे एक टनाचा धरल्यास भरलेले वजन दोन टनांच्या आसपास जाते. ओढणाऱ्या गाडीच्या उत्पादकाने ठरवून दिलेली मर्यादा याहून अधिक असावी. गाडी ट्रेलर ओढू शकते एवढ्यावर न थांबता ती त्याला उतारावर आवरू शकते काय, हे पाहणे आवश्यक असते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक, तसेच जोड निसटल्यास आधार देणारी साखळी असावी.

घोड्याला मान खाली करता येईल इतकी मोकळीक हवी. डोके दीर्घकाळ उंच बांधलेले राहिल्यास श्वासमार्गातील स्राव बाहेर पडत नाही आणि फुप्फुसांचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. मलकापूर-नांदुरा पट्ट्यातील उन्हाळा लक्षात घेता पूर्ण बंदिस्त पत्र्याच्या खोक्यापेक्षा वर सावली आणि दोन्ही बाजूंना हवेच्या मोठ्या खिडक्या असलेली रचना योग्य ठरते. मागचा फाळका लांब व कमी चढाचा असल्यास बुजरा घोडाही निमूट चढतो.

जुना ट्रेलर घेताना

जुन्या ट्रेलरमध्ये सर्वाधिक धोका तळात दडलेला असतो. मूत्रामुळे लाकूड कुजते व पत्रा गंजतो, पण वर रबराची चटई असल्याने ते दिसत नाही. प्रवासात तळ फुटल्यास घोड्याचा पाय थेट रस्त्यावर जातो. त्यामुळे चटई पूर्ण उचलून फळ्या पेचकसाने टोचून पाहाव्यात आणि खालून आडव्या पट्ट्या तपासाव्यात. फार न फिरलेल्या ट्रेलरचे टायर नवे दिसत असले तरी रबर वयाने कडक होऊन तडकते. टायरवरील चार अंकी शिक्क्यात पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवतात. ताज्या रंगाखाली सांध्यांवरची जोडणी लपवलेली असू शकते. व्यवहारापूर्वी नोंदणीपत्रावरील चासी क्रमांक प्रत्यक्ष सांगाड्यावरील क्रमांकाशी ताडून पाहणे आवश्यक असते.

नवा ट्रेलर स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानात बनवून घेण्याची कल्पना स्वस्त वाटते. परंतु मंजूर आराखड्याशिवाय बांधलेल्या ट्रेलरच्या नोंदणीत अडचण येते आणि नोंदणी नसल्यास अपघातानंतर विम्याचा दावाही टिकत नाही. ऊस किंवा कापूस वाहणारी शेतीची ट्रॉली या कामासाठी वापरू नये. तिला स्प्रिंग व ब्रेक बहुधा नसतात आणि प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट घोड्याच्या पायांना बसतो.